बरणी क्रमांक एकमधला घोटाळा

११ जून २०२५, सकाळी ७
आजपासून रोज रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या पुढे छापतात, म्हणून अक्षर नीट काढतोय.
पीएच.डी.चं आठवं वर्ष. विद्यापीठाची शेवटची मुदत सप्टेंबरअखेर. नंतर रजिस्ट्रेशन रद्द, कॉलेजातलं प्रमोशनही गेलं. विषय: शिरूर-दौंड भागातली वाणी, तिचं वर्गीकरण आणि प्रसार. वाणी म्हणजे हात लावला की गोल गुंडाळी होणारा, ढीगभर पायांचा किडा. लोक चपलेने बाजूला सारतात. मी त्यातून नाव काढणार.

१५ जून
कवठे येमाई. तिथले शेतकरी आबा, त्यांच्या बांधावर पाल्याखाली पंचवीस किडे मिळाले, काडीएवढे बारीक. भिंगाखाली अंगावरची कडी मोजली. अठ्ठावीसच्या आसपास. अशी जात कुठल्याही पुस्तकात नाही. (आमच्या लायब्ररीत या विषयावर एकच पुस्तक आहे. त्यात तरी नाही.) मातीसकट जिवंत ठेवले: बरणी क्रमांक एक.

२० जुलै
वढू बुद्रुक. जरा जाड किडे. छत्तीस कडी! दुसरी नवी जात. बरणी दोन.
सुफियाला म्हणालो, पहिल्या जातीला तुझं नाव देतो. ती म्हणाली, किड्याला नको, आधी मोरीतला नळ बघा. आठ वर्षांचा संसार, पण बायकोला अजून नवऱ्याची उंची कळलेली नाही.

१७ ऑगस्ट, दुपारी
सणसवाडी, कंपनीच्या कंपाउंडमागे. बोटाएवढे किडे. चव्वेचाळीस कडी. तिसरी जात!! दर गावाला वेगळी. कारणही सापडलं: मधले रस्ते. हायवे मलाच ओलांडता येत नाही, किड्याला काय येणार?
आनंदाने आबांना फोन केला. ते म्हणाले, सर, जूनमदी ती बारकी असत्यात, पोळ्यापत्तूर मोठी व्हत्यात. आता येऊन बघा की. शांतपणे ऐकून घेतलं. शेतकऱ्याला कीड दिसते, वर्गीकरण दिसत नाही. कवठ्याला परत जायची गरज नाही. तिथलं काम झालंय.

२३ ऑगस्ट
घात झाला. बरणी एकमधल्या किड्यांना छत्तीस कडी! म्हणजे कुणीतरी दोनमधले एकमध्ये टाकले. कुणीतरी म्हणजे लॅब अटेंडंट बन्सीमामा. चावी त्यांच्याकडेच असते. विचारलं तर म्हणाले, न्हाई सर, म्या कशाला अदलाबदल करू? मातीत घुसून बसत्यात, कात टाकून वर येत्यात, तवा कडी वाढल्याली असत्यात. काकडीची सालं घालतो म्हणून तरी जगली.
सत्तावीस वर्षं टेस्टट्यूब धुतल्या की असा आत्मविश्वास येतो. बरणी दोनमधले कमी झालेत का, ते मोजलं नाही. वेळ नव्हता.

३० ऑगस्ट
पुरावा मिळाला. ॲसिडच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर मामा जूनपासून रोज लिहीत होते: कुठली बरणी उघडली, किती मातीत गेले, किती वर आले, कडी किती. स्वतःच्या अक्षरात कबुली! झेरॉक्स जोडून प्राचार्यांकडे तक्रार दिली.

२ सप्टेंबर
मामांना मेमो. लॅबमधून काढून गेटवर बसवलं. स्कूटर आत घेताना त्यांनी नमस्कार केला, म्हणाले, सर, तीन नंबरात पाणी शिंपडा तेवढं. वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त. उद्या शिंपडतो.

१० सप्टेंबर
संकल्प: उद्यापासून रोज पाणी.

१३ सप्टेंबर
बरणी तीनमधले सगळे मेले. मामांच्या काळातल्या हलगर्जीपणाचा परिणाम, दुसरं काय.

२७ सप्टेंबर, संध्याकाळी, दौंड स्टेशन
इथल्या कॉलेजात माझा सेमिनार झाला. माझ्या गाइड, डॉ. सुलक्षणा मॅडम, पहिल्या रांगेत. त्यांनी विचारलं, नरांच्या सातव्या कड्याचे पाय तपासलेत का? जात त्यावरून ठरते. मी म्हणालो, मी कडी मोजली. मॅडम म्हणाल्या, मुजीब, कडी वयाबरोबर वाढतात. तुम्ही जूनमध्ये पिल्लं गोळा केलीत आणि ऑगस्टमध्ये त्यांचे थोरले. हॉलमध्ये लोक हसले. मागे कुणीतरी शिट्टीही मारली.
नाइलाजाने तक्रारीची फाइल काढली. म्हटलं, अटेंडंटनेच घोटाळा केलाय, हा बघा पुरावा. मॅडमनी झेरॉक्स वाचली. परत पहिल्या पानापासून वाचली. त्यांचा चहा गार झाला. मग विचारलं, हे बन्सी कोण?
आठ वर्षांत माझा एकही कागद त्यांनी दुसऱ्यांदा वाचलेला नाही.

३० सप्टेंबर
मॅडम शिरूरला आमच्या कॉलेजात आल्या. लॅबपर्यंत आल्याच नाहीत. गेटवर मामांच्या स्टुलाशेजारी खुर्ची टाकून दीड तास बसल्या. वाणी कशी वाढते यावर पेपर ठरला. पहिलं नाव मामांचं, दुसरं मॅडमचं. माझं आभारात: बरण्या उपलब्ध करून दिल्याबद्दल. माझं रजिस्ट्रेशन आज संपलं.
तक्रार मागे घेतली. मामा लॅबमध्ये परत आले. माफी मागायला गेलो आणि बरण्यांची झाकणं पुसत बसलो. लाज वाटली, खरंच. मामाच बोलायला लागले. म्हणाले, सर, कडी मोजायचा हात चांगला बसलाय तुमचा. आता मला चष्म्यातनंबी नीट दिसत न्हाई. रोज सकाळी आठला येत जावा. म्या सांगन ती बरणी उघडायची.
हो म्हणालो.
आणि येताना काकडीची सालं आणायला सांगितलीयत.