लाल छत्री

प्रिय ठकी,

पत्र लांबलं. आधी माझे गुडघे, मग तुझे बाबा, आणि उरलेल्या वेळात पुन्हा गुडघे. फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणते, कारण ते शेजारीच बसलेले असतात. कागदावर खरं लिहिता येतं. त्यांचं विसरणं वाढलंय. सकाळी चहा घेतला की नाही, हे दुपारी मलाच विचारतात. डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षं पाठ झालेलं सगळ्यात शेवटी जातं, तेव्हा जमेल तोवर काम चालू द्या. म्हणून दर रविवारी आम्ही पर्यटकांना जुनं शहर दाखवायला निघतो. थकते गं मी, पण निघते.

आमची रीत तू विसरली नसशील. ते लोकांकडे तोंड करून बोलत बोलत उलटे चालणार आणि मी सगळ्यांच्या मागे लाल छत्री घेऊन. मिटलेली छत्री वर केली की त्यांच्या पाठीमागे पायरी आहे. लहानपणी तुझ्या मैत्रिणी त्यांना भूत म्हणायच्या आणि तू घरी येऊन त्यांचे पाय सुलटेच आहेत ना, ते वाकून बघायचीस. आता एक नवी खूण वाढलीय. छत्री उघडली की समजायचं, गोष्ट चुकली. मागे एकदा त्यांनी ग्रंथालयाचा घुमट उचलून न्यायालयाला देऊन टाकला, आणि एक सद्गृहस्थ मान वर करकरून तो शोधत बसले. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी मात्र अजून बिनचूक असतात. चार तोंडांवर चार वेगळ्या वेळा, आणि आमच्या घरीही हेच चालतं हा त्यांचा विनोद. मी तो इतका ऐकलाय की हसायचा कंटाळा येतो, पण हसते. तेवढ्याने त्यांना बरं वाटतं.

हे सगळं सांगतेय ते एका रविवारसाठी. न्यायालयाच्या दगडी जिन्यावरून उतरल्यावर पुलाकडे वळायचं, तर ते भलत्याच गल्लीत शिरले आणि आपण पूर्वी भाड्याने राहायचो त्या इमारतीसमोर थांबले. त्या इमारतीत बघण्यासारखं काय आहे? गळका पाइप आणि वाळत घातलेल्या चादरी. पण त्यांनी दारातून आतला लाकडी कठडा दाखवला. म्हणाले, बघा किती गुळगुळीत झालाय, एक मुलगी रोज यावरून घसरत शाळेला जायची. मग वरच्या गॅलरीचे वाकलेले गज दाखवले. तिथे तिचं डोकं अडकलं होतं आणि लोहार येईपर्यंत तिने खाऊ मागून मागून सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. लोक हसले, कठड्याचे फोटो काढले. एका बाईंनी विचारलं, कोण होती ती मुलगी? बाबा म्हणाले, नाव काही कळत नाही, फार जुनी गोष्ट आहे, आम्हीही ऐकतच आलोय.

मी छत्री उघडायला हवी होती. हात हललाच नाही. घरी आल्यावर त्यांनी पोटभर जेवण केलं आणि आजचा गट छान होता म्हणाले. मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी ते तिथे थांबतात. पण गोष्ट झिजत चाललीय, ठकी. आधी खाऊ गेला, मग लोहार गेला. परवा गजांकडे त्यांनी पाहिलंही नाही. कठडा तेवढा राहिलाय.

म्हणून लिहितेय. तिकडची नोकरी, रजा, सगळं समजतं मला, तरी ये. कठडा आहे तोवर ये. आल्या आल्या त्यांना मी कोण, मी कोण असं विचारत बसू नकोस, ते घाबरतात. रविवारी गटात पुढे उभी राहा. गोष्ट सांगताना ते एकच चेहरा निवडून त्याच्याकडे बघत सांगतात, तुला ठाऊक आहे. तुझी गोष्ट एकदा त्यांच्या तोंडून ऐक. आणि मग मागे माझ्याजवळ ये आणि थोडा वेळ छत्री तू धर. माझा हात फार दुखतो गं.

तुझीच, गटाच्या शेवटी चालणारी,
आई