सान्याचे तीस दिवस

शारजा, शुक्रवार, नोव्हेंबर २००९

माझा वर्कशॉपमधला पार्टनर साने आज सहकुटुंब जेवायला आला होता. सुट्टीला युरोपात चाललाय, आठ दिवस. बायकोला स्कीइंगचे पास समजावत होता, "तू दोनदा पडून कॉफीच पिणार, तुला एका दिवसाचं तिकीट पुरे. मी तीस दिवस करणार, मला सगळ्या डोंगरांचा सीझन पासच परवडतो."

तीस दिवस? आठ दिवसांच्या सुट्टीत?

त्याची पोरगी म्हणाली, "अँड माय स्कूल, डॅड?"

"गप जेव."

मी हसत त्याला आणखी श्रीखंड वाढलं. तीस दिवस! मंदीत इथून सगळे पळतायत, तसा हाही पळतोय हरामखोर. वर्कशॉपच्या कामगारांच्या व्हिसावर सही त्याचीच चालते. तो गेला की बारा माणसं खलास. उद्या सकाळीच व्हिसाचे कागद घेऊन त्याच्या दारात बसतो. बाराही सह्या कर, मग जा खुशाल घसरत.