शनिवारी सांगितलेली बातमी

प्रिय मास्तर,

तुझं दुकान बंद होऊन आज पंधरावा दिवस. फोनही तितकेच दिवस बंद. शटरवर चिकटवलेल्या कागदावर ‘काही दिवस बंद’ एवढंच आहे, किती दिवस ते नाही. जन्मभर गिऱ्हाइकाला ‘परवा या’ सांगणाऱ्या शिंप्याने तारीख पाळू नये हे मी समजू शकतो, पण त्याने तारीखच देऊ नये? समोरचा बेकरीवाला म्हणाला, “मास्तर लेकाकडे गेले. बॅग एकच होती, पण मशीनचं डोकं चादरीत गुंडाळून बरोबर नेलं.” ते ऐकून मी घाबरलो. कपडे दोनच घेऊन गेलेला माणूस परत येतो. मशीनचं डोकं घेऊन गेलेल्याचा काही भरवसा नाही. म्हणून त्याच्याकडूनच तुझ्या लेकाचा पत्ता मागितला आणि लिहायला बसलो. तीस वर्षांत मी लिफ्टदुरुस्तीच्या रिपोर्टांपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा मध्येच ‘दोरखंड तपासला, ग्रीस लावलं’ असं आलं तर सांभाळून घे.

तू नसल्यामुळे आपल्या इंग्रजीच्या वर्गाची काय दशा झाली ते आधी सांगतो. वर्ग म्हणजे तरी काय, सकाळी साडेसहाला फोनवर उघडणाऱ्या चार खिडक्या. तू, मी, माझी ताई आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर, आपला बसकाका. तुझ्यापाठोपाठ ताईही आली नाही. तिने निरोप पाठवला, “नेट चालत नाही.” राहिलो मी आणि बसकाका. पंधरा दिवस आम्ही दोघंच एकमेकांना बातम्या देतोय. तो सांगतो, टायर ठीक आहे. मी सांगतो, छान. मी सांगतो, एका इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकते. तो विचारतो, का? रोज तेच, का. बसमधली पोरं त्याच्याबद्दल इंग्रजीत काय बोलतात ते कळावं म्हणून हा माणूस वर्गात आला. आता त्याला कळायला लागलंय, आणि तो म्हणतो, न कळलेलंच बरं होतं.

वर्ग काढला तेव्हा आपण नियम केला होता, रोज प्रत्येकाने घरची एक खरी बातमी द्यायची, पाच वाक्यांत. दोन महिन्यांत बातम्या संपल्या. आपल्या वयाच्या माणसांच्या घरी रोज घडणार काय? मी उठलो, मी चहा प्यायलो, माझा गुडघा दुखतो. बसकाकाने सलग अकरा दिवस टायरचीच बातमी दिली. तेव्हा ताईनेच तोड काढली. सोमवार ते शुक्रवार खरं, शनिवारी थाप. थाप जितकी भारी तितके दहापैकी मार्क. आणि काय सांगू, शनिवारी आपल्या जिभा सुटल्या! खरं बोलताना प्रत्येक शब्दाला अडखळणारा बसकाका बस चंद्रावर नेऊन, पोरं मोजून परत आणू लागला. मी ढगापर्यंत लिफ्ट बसवली. ताई, जिने सदतीस वर्षं नर्स म्हणून डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या, तिने सगळ्यात मोठ्या सर्जनचंच पोट फाडलं, आत तिला त्याची हरवलेली कात्री सापडली. दहापैकी दहा.

थापा तुझ्याच्याने कधी झाल्या नाहीत. एकदा म्हणालास, मी हत्तीची पॅन्ट शिवली. आम्ही वाट बघतोय पुढे काय, तर तू गंभीरपणे सांगू लागलास की हत्तीला पाय चार, म्हणजे खरं तर दोन पॅन्टी लागतील, आणि कापडाचा अंदाज तुला देता येणार नाही कारण हत्तीची कंबर तू मोजलेली नाही. दोन मार्क. शाळेत खिडकीची काच मी फोडली होती आणि गुरुजींनी तुझ्याकडे नुसतं पाहिलं, तर तू माझं नाव सांगून मोकळा! तुला थाप मारता येत नाही हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. गेल्या काही दिवसांत मी ते स्वतःला बरेचदा ऐकवलंय.

आता त्या शनिवारचं. तू इस्त्रीचा शर्ट घालून बसला होतास. गळ्यात टेप नव्हती. मी मनात म्हटलं, आज स्वारी कुठे लग्नाला निघाली की काय. तुझी पाळी आली आणि तू कागदावरून वाचायला लागलास. या मीटिंगमध्ये एक बाई आहे. मी दोन वर्षं तिचा विचार करतो. मी नऊ वर्षं एकटा आहे, ती अकरा वर्षं. तिचा भाऊ माझा मित्र आहे. त्याला राग येणार नसेल तर मला तिच्याशी लग्न करायचं आहे. पाच वाक्यं, एकही चूक नाही. मग बसकाका असा हसला की त्याचा फोन खाली पडला आणि आपल्याला त्याच्या बसचं छत दिसत राहिलं. आणि मी? मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, वा मास्तर, पहिल्यांदा जमली! भावाचा राग तर काय सुचलाय! दहापैकी दहा, वर एक जास्त. ताईची खिडकी काळी झाली. मला वाटलं, बॅटरी गेली. तू “थँक्यू” म्हणालास, कागदाची नीट चौकोनी घडी घातलीस आणि गेलास. त्या घडीकडे मी बघितलं होतं रे. बघितलं आणि चहा ओतून घेतला.

ताई दर रविवारी आमच्याकडे जेवायला असते. त्यानंतरचे दोन रविवार आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. काल आली. मी आपला नेहमीसारखा वाढता वाढता गप्पा मारतोय. म्हटलं, मास्तर गेला पळून, पण जाताना थाप काय मारून गेला! आणि सगळी थाप माझ्या बायकोला साग्रसंगीत करून दाखवली, तुझ्या आवाजात, कागद धरून. ताईने हातातला चमचा खाली ठेवला.

“तू हसलास ना?”

“सगळेच हसले.”

“मी हसले?”

मी आमटी वाढायला पळी उचलली. ती म्हणाली, “अरे, खालच्या मजल्यावर उभा राहून वर लिफ्टची कुठली बेअरिंग गेली ते सांगतोस. गावभर सांगत फिरतोस, माझे कान, माझे कान. त्या माणसाने तुझ्या कानाशी येऊन सांगितलं, तर तू त्याला मार्क दिलेस.” माझ्या बायकोने भाजीचं भांडं पुढे सरकवत तेवढ्यात टोला हाणला, “यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. बेकरीवाल्यालासुद्धा.”

जेवण कसलं होतंय मग. गॅलरीत जाऊन बसलो आणि एकेक आवाज परत ऐकला. वर्ग चालू असताना तू मशीन चालवायचास, आठवतं? मी रागवायचो, माईक बंद कर म्हणून. माझी पाळी, खट खट खट. बसकाकाचा टायर, खट खट खट. ताईची पाळी आली की मशीन बंद. दोन वर्षं रोज. मी म्हणायचो, या माणसाचा दोरा नेमका ताईच्याच वेळी कसा संपतो! लिफ्टची मोटर एका सेकंदाने उशिरा थांबली तरी मी रात्रपाळीच्या मेकॅनिकला फैलावर घेतो, आणि इथे एक आख्खं यंत्र रोज एकाच ठिकाणी थांबत होतं. शिवाय तिच्या कोटाची चेन. एका हिवाळ्यात तीनदा बदललीस. मी तुला म्हटलं होतं, हलका माल वापरतोस. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. आता कळतं, चेन मोडत नव्हती, मोडली जात होती. कोण मोडत होतं ते मी ताईला विचारलेलं नाही. माझंही वय झालं, चमचा फेकून मारला तर चुकवता येणार नाही.

एक गोष्ट राहिली, तीही लिहून टाकतो. तू ती पाच वाक्यं वाचत होतास तेव्हाची. अगदीच कळलं नव्हतं असं नाही. पण ताई एकटी आहे हे माझ्या फार सोयीचं होतं, मास्तर. माझं ब्लडप्रेशर ती बघते. माझ्या गोळ्या तिच्या पाठ आहेत. मी हातात पाने-पक्कड घेऊन दुसऱ्याच्या हाताखाली लागलो, नऊ मेकॅनिक हाताखाली ठेवण्यापर्यंत आलो, पण आजही एखादं काम हातचं गेलं की बायकोच्या आधी ताईला फोन जातो. ती दुसऱ्या कुणाच्या घरी संध्याकाळचा चहा घ्यायला बसली तर माझं काय, असा विचार त्या एका क्षणात येऊन गेला, आणि तो आत यायच्या आधी मी जोरात हसलो. बसकाका अडाणीपणाने हसला. मी तसा नाही हसलो. त्याला माफ कर, माझं तू ठरव.

आणि आता आज सकाळी काय झालं ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. साडेसहाला बसकाका आणि मी बसलो होतो, टायर नुकताच सांगून झाला होता, आणि तिसरी खिडकी उघडली. ताई. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला, हातात कागद नाही. कुणी पाळी द्यायची वाट न बघता तिने इंग्रजीत सांगितलं, मी तुझ्यासाठी मराठीत उतरवतो. मी साठ वर्षांची आहे. दोन आठवड्यांपूर्वी एका माणसाने मला एक प्रश्न विचारला. लोक हसले म्हणून तो उत्तर न ऐकता निघून गेला. माझं उत्तर हो आहे. आज सोमवार आहे. एवढं बोलून ती आमच्याकडे बघत राहिली. बसकाकाने डोक्यावरची टोपी काढली. मग घाईघाईने म्हणाला, का? ताई म्हणाली, त्याला विचारा, तो मशीन का थांबवतो. मला वाटलं संपलं, तर तिने मराठीत मला हुकूम सोडला, “त्याचा फोन बंद आहे, पत्र लिही. मोडलंस तू, दुरुस्तही तूच कर. आणि फक्त निरोप लिही, स्वतःची गाथा लावू नकोस.” तर मास्तर, निरोप एवढाच होता. बाकीची चार पानं माझी. भावाला राग आलेला नाही, हे मात्र तिने सांगितलेलं नाही, ते मीच सांगतोय, शुद्धीत, आणि सोमवारीच. मशीनचं डोकं ट्रेनमध्ये आपटू देऊ नकोस, मांडीवर घेऊन बस. कोणत्या गाडीने येतोस ते कळव. स्टेशनवर मी येणार होतो, पण ताई म्हणाली, तू घरी थांब.

तुझाच,
होऊ घातलेला मेव्हणा