आडवं होऊन बघायची जागा

बा, तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही मी लिहायला बसले आहे. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. शहापूरच्या कापडाच्या दुकानात बरीच वर्षं काढून मी पाड्यावर परत आले आणि आता सिद्धगडाकडे येणाऱ्या माणसांना तंबू लावून देते. हसू नकोस. लोक ठाण्या-मुंबईची पक्की घरं सोडून आपल्या रानात जमिनीवर झोपायला येतात आणि निघताना वर आपलेच आभार मानतात. आई त्यांच्यासाठी भाकऱ्या थापते. तिला हे सगळं अजून खुळचटपणाच वाटतो, पण माणसं जेवून तृप्त झाली की तीही खूश असते.

अडचण जागेची असते. सुट्टीच्या दिवसांत देवळापुढचं अंगण जो पहिला येईल तो अडवतो. भात काढलेली खाचरं सपाट असली तरी खुंट तंबूच्या बुडाला भोकं पाडतात, आणि मालकाचं मन आयत्या वेळी फिरतं. ओढ्याकाठी इतका गारठा की शहरातलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून भादव्यात मी जागा शोधत चार दिवस फिरले आणि शेवटी पाड्यामागच्या कड्याखालच्या सपाटीवर येऊन थांबले. पाणी जवळ, वारा अडलेला, आणि दोर लावून चढणाऱ्यांना उठल्या उठल्या समोर कडा. त्यांना याहून जास्त काय हवं असतं?

त्याच सपाटीवर तू माझ्यावर जन्मात एकदाच ओरडला होतास. मी दहा वर्षांची असेन. पावसाळ्याचे दिवस होते, आपण करवंदीच्या जाळ्यांतून रानभाजी घेऊन परतत होतो, आणि दमून मी तिथं फडकं अंथरलं. तू दंडाला धरून मला उठवलंस आणि लगेच तिथंच आडवी हो म्हणालास. मी रडत रडत आडवी झाले. उभ्याने बघितलं तर तो कडा नुसता काळा दिसतो. पाठीवर पडल्यावर त्याचं पोट पुढे आलेलं दिसतं, आणि पोटाखाली सुपाएवढाले मेणाचे डाग. मोहोळ एकही नाही. मी तसं म्हणाले तर तू माझ्या शेजारी आडवा होतोस, बोट वर करतोस आणि हळू बोलतोस.

"डाग हाय तिथं आग्या परत येतो गो. आता नाय, दिवाळीनंतर. लोका जमीन बगून बसतात. आपण आडवा व्हायचा, वर बगायचा, मंग बसायचा."

आग्या माशा मागे लागलेला बैल ओढ्यात पडून मेलेला मी पुढे स्वतः पाहिला, त्यामुळे ते कधी विसरले नाही. त्याच वर्षी म्हशाच्या जत्रेतून तू मला कोयता आणलास. इतर मुलींना बांगड्या आल्या म्हणून मी दोन दिवस रुसले होते. त्याची मूठ आता दोनदा बदलली आहे, पातं तेच आहे. भादव्यात ती सपाटी मी त्याच कोयत्याने साफ केली.

आता पौषातली गोष्ट सांगते. ठाण्याहून नऊ जण आले होते. त्यांची म्होरकी साठीकडे झुकलेली एक बाई, सगळे तिला मॅडम म्हणतात, आणि कड्यावर ती पोरांच्या वरताण चढते. सकाळी त्यांच्यातले दोघे दोर बांधून कड्यावर दोन माणसांच्या उंचीएवढे चढले होते. आई तंबूंच्या मागे चूल पेटवत होती, लाकूड ओलं होतं. मी पातेलं घासत होते. मॅडम अंग मोकळं करायला सतरंजीवर पाठ टेकून पडली आणि सहज म्हणाली, "ताई, वर ते काळं लोंबतंय ते काय आहे?"

मी वर बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. बा, मी पातेलं आवाज न करता खाली ठेवलं. तिच्याजवळ बसून मी कानात सांगितलं की कोणी ओरडायचं नाही, पळायचं नाही, एकेकाने सामान टाकून ओढ्याकडे चालत सुटायचं. ती एका शब्दात समजली. पण वरच्या दोघांना हाक कशी मारणार? एकाने कमरेचा हातोडा काढला होता, कड्यात खिळा ठोकायला. मॅडमने खालून दोर तीनदा ओढला. त्याने हातोडा वर धरूनच खाली पाहिलं. तिने हाताने नुसतं खाली ये असं केलं, आणि तो किती वेळ तसाच थांबला कोण जाणे. मग त्याने हातोडा कमरेला लावला. ते दोघे आवाज न करता उतरले आणि बाकीच्यांच्या मागे ओढ्याकडे निघाले.

तेवढ्यात चुलीचा धूर सरळ वर निघाला. मी पाण्याची कळशी उचलून धावले, तर आईने माझं मनगट धरलं. "पानी नको टाकू, धूर दुप्पट व्हईल." तिने दोन्ही हातांनी माती ओढून चूल बुजवली. आईच्या डोळ्यांना आता लांबचं दिसत नाही, तिला वरचं काही कळलं नव्हतं, फक्त माझा चेहरा कळला होता. पहिली गुणगुण आली तेव्हा तिने पदर सोडला आणि तो माझ्या डोक्यावर टाकला. स्वतःच्या नाही. आम्ही तशाच वाकून चाललो. ओढ्याकाठी पोचलो तेव्हा नऊच्या नऊ माणसं धड होती, आणि आईच्या तोंडावर, मानेवर मिळून अकरा काटे होते. मुरबाडच्या दवाखान्यात पहिला दिवस तिला नीट श्वास घेता येत नव्हता. मी बाकावर बसून तुला शिव्या देत होते, आणि मग स्वतःला.

आई आता बरी आहे. सूज उतरली, डोळा उघडतो. पाड्यावर भेटेल त्याला ती सांगते की पोरीने सगळ्यांना वाचवलं, बापाची नजर आहे तिला. मॅडमचा फोन येतो, तीही तेच म्हणते. जागा निवडताना काही दिसलं नव्हतं का, असं कोणी विचारलं तर मी सांगते की भादव्यात कड्यावर एक माशी नव्हती. ते खरंच आहे.

पण बा, भादव्यात कोयता काढायच्या आधी मी त्या सपाटीवर आडवी झाले होते, तू शिकवलंस तशी. सगळे डाग होते तिथंच होते. मी थोडा वेळ पडून राहिले, इतकी वर्षं झाली, आता कुठले यायचे, असं म्हणून उठले आणि झुडपं तोडायला लागले. पौषात तंबू लावताना मात्र मी आडवी झाले नाही. मला बघायचंच नव्हतं.

हा कागद घडी करून कोयत्याशेजारी आढ्यात खोचणार आहे. हे खरं तर आईला सांगायचं आहे. ती आत भाकऱ्या थापते आहे, मधूनच मला हाक मारते आहे. वाचता तिलाही येत नाही, पण तिला ऐकू येतं, म्हणून तुला लिहिलं.