उंच गाडीखालचा पुठ्ठा

३ मार्च, सोमवार

गाडी घरी गळते आणि मिस्त्रीपुढे नेऊन उभी केली की कोरडीठाक! असं का? बहुतेकांनी हे अनुभवलेलं असतं आणि बहुतेक जण नशिबाला हसून मोकळे होतात. मी वीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. मला मोकळं होता येत नाही.

आज सकाळी फाटकाच्या आत पुन्हा तोच लाल डाग, बशीएवढा. गिअरबॉक्सचं तेल. गाडी हिची. ही जनावरांची डॉक्टर; ओढ्यांतून, खाचखळग्यांतून गोठ्यागोठ्यांवर जावं लागतं. म्हणून नोव्हेंबरात मामांनी गाडी चांगली चार बोटं उंच करून दिली. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं गॅरेज इथून दोन गल्ल्या पलीकडे. तेव्हापासून गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचं रबरी सील त्यांनी तीनदा बदललं. तीनदा गळलं.

हिने डाग पाहिला. "बाबांना आज सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

सांगायची वेळच आली नाही. मामा सहज म्हणून आले, गाडीखाली वाकले आणि लाल झालेलं बोट घेऊन उठले.

"हात गेले माझे, जावईबापू. बेचाळीस वर्षं सीलं बसवली, आता एक बसेना. महिनाअखेरीस शटर खाली."

मला वाटलं, गंमत करतायत. ही म्हणाली, गंमत नाही. हत्यारं पुसून कापडात गुंडाळून ठेवलीयत.

तेव्हा मुदत ठरली. एकतीस तारखेच्या आत सिद्ध करायचं की दोष हातांचा नाही. — किंवा आहे. शास्त्र सोयीचं उत्तर बघत नाही. पण माझी इच्छा काय आहे, ते इथे लिहायला हरकत नाही!

६ मार्च, गुरुवार

पहिला तर्क: कोन. गाडी उंच केली की मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जास्त तिरका होतो, फिरताना थरथरतो आणि सील खातो. काय देखणा तर्क! शाळेचा लाकडी कोनमापक आणि ओळंबा घेऊन गॅरेज गाठलं. गाडीखाली उताणं पडून मामांना पंधरा मिनिटं समजावलं.

"फळा आणू का?" मामा म्हणाले.

कोन अचूक निघाला. मामांनी नोव्हेंबरातच पाचरी घालून तो जुळवला होता, आणि मला सांगितलंही होतं म्हणे. मी तेव्हा मदतीच्या उत्साहात नटबोल्टांच्या डब्यांना चिठ्ठ्या लावत होतो. ("ह्या माणसाने मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' लिहिलंय!" — ही, गॅरेजभर ऐकू जाईल अशा आवाजात.)

९ मार्च, रविवार

पुठ्ठे! गाडी उभी केली की खाली कोरा पुठ्ठा, त्यावर तारीख. शुक्रवारी ही साठ किलोमीटर फिरून आली: भलामोठा डाग. शनिवारी फक्त गॅरेजपर्यंत जाऊन आलो: काही नाही. आज गाडी हललीच नाही: काही नाही.

म्हणजे गाडी मामांना घाबरून कोरडी राहत नाही. दोन गल्ल्यांत ती तापतच नाही! घरी येते ती मात्र तापून. कोड्याची पहिली गाठ सुटली. नाचावंसं वाटलं.

"पुठ्ठ्यावर नाच," ही म्हणाली. "फरशीवर तेल नको."

११ मार्च, मंगळवार

तेल सीलमधूनच येतंय, की वरून कुठून तरी ओघळत येतंय? गॅरेजात सगळा भाग लख्ख पुसला आणि हिची टाल्कम पावडर त्यावर भुरभुरवली. हिची फेरी झाल्यावर मामा आणि मी घरीच गाडीखाली शिरलो. वरचा भाग पांढराशुभ्र. लाल रेघ नेमकी सीलच्या कडेतून.

मी "पाहिलंत!" म्हणून ओरडलो. मामांनी विजेरी बंद केली.

"पाहिलं. सीलच. म्हणजे मीच."

चहा न घेता निघून गेले. प्रयोग निर्दोष होता. माणसाचं काय झालं, ते मात्र पाहायला हवं होतं.

१२ मार्च, बुधवार

काही सुचत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सुचलं! आणि तेही हिच्या डब्यामुळे. आज गरम सूप घट्ट झाकण लावून नेलं — सगळं पिशवीत. काल त्याच डब्यात, त्याच रबरी रिंगवर गार सूप नेलं होतं, थेंबही नाही. रिंग वाईट नव्हतीच. आतली तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधत होती, आणि डब्यातली सगळ्यांत मऊ जागा कुठली? रिंग!

धावत गॅरेज गाठलं.

"मामा, गिअरबॉक्स श्वास कुठून घेतो?"

"ब्रीदरमधून. साधी नळी असते. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून मीच ती लांब करून वर बॅटरीमागे नेली. टोक उघडं ठेवलंय. मला नका शिकवू."

"आणि ते बंद झालं असेल तर?"

मामांची नजर गुंडाळलेल्या हत्यारांकडे गेली. "तर मग," ते सावकाश म्हणाले, "कुणाच्याही हातचं सील टिकणार नाही."

१५ मार्च, शनिवार

ही फेरीवरून थेट गॅरेजात आली, गाडी चांगली तापलेली. मामांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी जराशी सैल केली.

फुस्स्!

तिघांनीही ऐकलं. मामांनी पट्टी परत दाबली, आत गेले आणि हत्यारांवरचं कापड सोडलं. "उद्या बॅटरी काढतो. कुठल्या गाढवाने माझी नळी चेपलीय, बघतोच!"

१६ मार्च, रविवार

नळी चेपलेली नव्हती. टोकावर रबरी टोपी. टोपीला तार. तारेला चिठ्ठी: 'धूळ जाऊ नये म्हणून.' अक्षर सुबक. माझं.

मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "जावईबापू, बांधून ठेवायचे ते हात तुमचे!" — आणि चौथं सील घेऊन शीळ घालत गाडीखाली शिरले.

कसोटी कोणालाही जमेल अशी आहे. लांब फिरून या, फडक्याने पट्टी जराशी सैल करा, कान द्या. फुस्स् झालं, तर मिस्त्रीला बोल लावू नका. आधी घरातल्या हुशार माणसाला विचारा.