पाइपला घाम येतो

३ जून, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण, लायसन्स. हाय प्रेशर पाइप फिटिंगचं. साडूला मिळालं. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला. काल दोघं खास कार्ड दाखवायला आले. लॅमिनेशन करून! फोटोत हसतोय. सरकारी कार्डावर कोणी हसतं का?
पाना कसा धरायचा हे त्याला मी शिकवलं. मला हेवाबिवा अजिबात वाटत नाही. कार्ड दोनदाच पाहिलं. मागची बाजू धरून तीनदा.

५ जून
लॉन्ड्रीचे मालक म्हणाले, नियम बदललाय, स्टीमच्या लाइनला बिनलायसन्सचा हात चालणार नाही. ऑगस्टमध्ये वर्षाचं मोठं काम आहे, त्याआधी कार्ड आणा, नाहीतर दुसरा माणूस बघतो.
दुसरा! सोळा वर्षं ती लाइन माझी आहे. थेंब गळत नाही. प्रेसवाल्या बाई टेबलाशेजारी बादली ठेवतात, ती त्यांची सवय. त्यांना सांगितलंय, पाइपला घाम येतो.
संकल्प: जुलैअखेर कार्ड. लॅमिनेशन त्याच्यापेक्षा जाड.

९ जून
ऑफिसात गेलो. अनुभवाच्या दाखल्यावर लायसन्सवाल्या फिटरची सही लागते. मी म्हटलं, बावीस वर्षं काम करतोय. क्लार्क म्हणाला, ते पाहिलं कोणी?
माझ्या ओळखीत लायसन्सवाला एकच. त्याच्या दारात सहीसाठी? मेलो तरी जाणार नाही.

१४ जून
बायको परस्पर बहिणीकडे जाऊन सही घेऊन आली. साडूने शेरा मारलाय, 'मी यांच्याच हाताखाली शिकलो.' केवढा हा आगाऊपणा! मोठेपणा मिरवायची एक संधी सोडत नाही. बायको म्हणाली, चांगलं लिहिलं तरी तुम्हाला मिरच्या झोंबतात.

२ जुलै
उद्यापासून पहाटे पाचला अभ्यास.

३ जुलै
गजर बायकोने बंद केला असणार.

११ जुलै
लेखी पास! काठावर, पण पास म्हणजे पास. एक प्रश्न फालतू होता. टेस्ट करताना लाइनमध्ये पाण्याचं प्रेशर किती वेळ धरायचं? मी लिहिलं, हाताला कळेपर्यंत. त्याला शून्य.
साडूला किती मार्क पडले होते, हे बायकोने न विचारता सांगितलं.

१८ जुलै
प्रॅक्टिकल. जॉइंट असा केला की बघत राहावं. पाणी भरलं, प्रेशर चढवलं, गेजचा काटा जागच्या जागी. आता म्हणे अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. चार मिनिटांत माझी खात्री पटली. चहा प्यायला गेलो. परत आलो तर परीक्षक कागदावर 'नापास' लिहीत होते. मी म्हटलं, अहो, त्या जॉइंटला विचारा! ते म्हणाले, जॉइंटला बोलायला अर्धा तास लागतो. उंटावरचे शहाणे.
पुढची परीक्षा तीन महिन्यांनी. घरी सांगितलं, परीक्षकाने खुन्नस काढली. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. साडू म्हणे त्याच्या परीक्षेत पूर्ण अर्धा तास हलला नव्हता. मेला बगळा!

१९ जुलै
वाटतो हेवा. लिहून टाकलं. कोण वाचतंय? त्याच्या कार्डाचा वाटतो, फोटोतल्या हसण्याचा वाटतो, आणि आता त्याच्या नुसत्या बसण्याचासुद्धा.

२ ऑगस्ट
लॉन्ड्रीचं काम साडूला गेलं. दारावर परमिट चिकटवलंय. फिटर, तो. मदतनीस, मी! मालकांना म्हणाला, दादांशिवाय ही लाइन मला उमजणार नाही. उपकार नकोत. मी जाणार नाही.

३ ऑगस्ट
जाणार. त्याच्या चुका बघायला कोणीतरी हवं.

४ ऑगस्ट, संध्याकाळी ६
बॉयलर बंद केला, लाइनमध्ये पाणी भरलं, प्रेशर चढवलं. साडूने गेजसमोर दोन स्टुलं मांडली. पाचव्या मिनिटाला मी उठलो. बसा ना दादा, म्हणाला. बसलो. तो नुसता काट्याकडे बघतो. मग मीही बघितलं.
एकोणिसाव्या मिनिटाला काटा उतरायला लागला. अगदी हळू. मी म्हटलं, गेज खराब आहे. त्याने दुसरा गेज लावला. तोही उतरला.
लीक प्रेसच्या टेबलाच्या बरोबर वर सापडला. जॉइंट माझा. चुडीची, म्हणजे आट्यांची, पार वाट लागलेली. आणखी काही दिवसांनी तो सुटला असता, आणि वाफ थेट बाईंच्या तोंडावर.
बाईंनी साडूला माझं घामाचं सांगितलं. गरम पाइपला घाम येत नाही, ओल दिसली की लीक समजायचा, हे त्याला मीच शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी.
त्याने जॉइंट नवा केला. पाना मी शिकवला तसाच धरला. पुन्हा अर्धा तास बसलो. काटा हलला नाही, मीही हललो नाही. बाईंनी बादली उचलून आत नेली.
साडू घरापर्यंत आला. आता हा बोलणार, म्हणून मी दारातच थांबलो. तो बायकोला म्हणाला, आज लीक दादांनीच शोधला. बायकोने कधी नव्हे ते कौतुकाने पहिला कप मला दिला.
तो मी साडूच्या हातात दिला.