बिननावाचा गुलाब

१४ फेब्रुवारी, चारकोप

फ्रिजमधली माझी पाण्याची बाटली गुलाबांनी बळकावली. या अन्यायाची दाद कुठे मागायची?

आठवडाभर माझ्या मुलीला, सईला, रोज एक गुलाब येतोय. पाठवणाऱ्याचं नाव नाही. परवा वॉचमन सावंतांनी तो गेटवर अडवला, तेव्हा मीच हसलो. "सावंत, प्रेमालाही गेटपास? ज्या संताच्या नावाने हा प्रेमाचा सण, त्याचंही म्हणे प्रेमिकांची बाजू घेतली म्हणून डोकं उडवलं!"

आज गुलाबासोबत चिठ्ठी होती. 'पिवळा गाऊन छान दिसतो.'

"बाबा, तो मी फक्त घरात घालते."

पिवळा गाऊन. समोरच्या टॉवरला खिडक्या तरी किती! पडदे ओढले. कधीपासून बघतोय हा?

चिठ्ठी घेऊन सईसोबत पोलीस चौकीला निघालो. गेटवर थांबलो. "सावंत, माझं चुकलं. तुमचंच बरोबर होतं."

ते हसले नाहीत.